देवाच्या रानातला केर

नवरंग या पक्ष्याचं लोक एवढं कौतुक का करतात, हे मला अजून उमगलेलं नाही. मूठभर जीव, पण अंगावर चढवलंय काय काय! पाठ हिरवी, छाती बदामी, खांद्यावर निळा ठिपका, बुडाखाली लालभडक, डोक्यावर काळे पट्टे आणि वर पांढरी भुवई. लग्नघरातल्या करवलीला कुणी आवरणारं नसलं की ती सगळंच एकदम नेसून येते, तसा हा. आणि एवढं नटून शेपूट मात्र बोटभर. तेही स्वस्थ ठेवायचं नाही, उगाच खालीवर हलवत राहायचं.

बरं, एवढे रंग आहेत तर झाडाच्या शेंड्यावर बसून मिरवावं. तेही नाही. हा दिवसभर जमिनीवर. ओल्या, कुजक्या पाल्यात उड्या मारत फिरणार, चोचीने एकेक पान उलटणार, खाली गांडूळ असलं तर ओढून काढणार, नसलं तर ते पान तसंच टाकून पुढचं. उलटलेलं पान सरळ करून ठेवायची पद्धत त्याच्यात नाही. वडगावच्या कोर्टात जुन्या फायली उपसणारे कारकून मी आयुष्यभर पाहिले, त्यांचीच जात.

कोर्टाचं आलंच आहे तर सांगते. मी तिथे टायपिस्ट होते. सगळी नोकरी लोकांच्या जबान्या टाइप करण्यात गेली. खोटं बोलणारा ओळखायला मला त्याचा चेहरा बघावा लागत नाही, वाक्याच्या लांबीवरून कळतं. खरं बोलणारा थोडक्यात आटपतो. निवृत्त झाल्यावर मी भाजे गावात, माहेरच्या वाटणीत आलेल्या दोन खोल्यांत राहायला आले. घर गावाच्या कडेला आहे. मागचं दार उघडलं की कुंपण आणि कुंपणापलीकडे देवाचं रान.

रान म्हणजे फार मोठं नाही. डोंगराच्या कुशीत जांभळं, हिरडे, अंजनीची दाटी, करवंदाच्या जाळ्या आणि मधोमध शेंदूर फासलेला एक दगड. या रानातलं काही बाहेर न्यायचं नाही, हा गावाचा नेम. फांदी नाही, वाळकी काटकी नाही, पान नाही. आमच्या मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर पाला पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राबाच्या दिवसांत पाल्यासाठी बायका कुठे कुठे डोंगर चढून जातात. पण हाकेच्या अंतरावरच्या या रानात गुडघाभर पाला पडलेला असतो, त्याला कुणी हात लावत नाही. गावात मी अनेक भांडणं पाहिली आहेत. बांधावरून, नळावरून, कोंबडीवरून. या पाल्यावरून झालेलं आठवत नाही.

या पाल्यामुळेच तो नवरंग दरवर्षी येतो. मे संपत आला की कुठूनतरी दक्षिणेकडून येतो आणि पहाटे पहाटे शीळ घालायला लागतो. दोनच सूर. मान मागे टाकून असा काही जोर लावतो की जणू मोठा राग गाणार आहे, आणि निघतात दोनच सूर. पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा तेच. पहिल्या वर्षी मी उशी कानावर घेऊन त्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षी मे संपला, जून लागला, तरी तो येईना, तेव्हा मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहायला लागले. आल्यावर पुन्हा शिव्या घातल्या.

घरटं बांधण्याची त्याची अक्कल तर विचारूच नका. यंदा त्याने आणि त्याच्या मादीने ते माझ्या कुंपणाला लागून असलेल्या करवंदाच्या जाळीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधलं. काटक्या, मुळ्या, वाळका पाला यांचा नारळाहून मोठा एक गोळा, बाजूला भोक. शिंपी पक्षी पान शिवतो, सुगरण विणते. यांनी नुसता कचरा गोळा करून आत जाऊन बसायचं ठरवलं. पाल्यावर पडलेला पाल्याचा गोळा. ज्याला माहीत नाही त्याला दिसणारच नाही, आणि दिसला तरी केर म्हणूनच दिसेल. मी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. एक जण आत बसलेला, दुसरा पाला उलटत फिरणारा, मग अदलाबदल. नर कोण आणि मादी कोण, दिसायला सारखीच, पण अंड्यांवर बसण्याच्या पाळ्या मात्र चोख. आमच्या घरात हे कधी जमलं नव्हतं.

अंडी मी बघितली नाहीत. वाकून आत डोकावणं मला असभ्य वाटलं. पण ती आत होती, आणि आपल्याला काय त्याचं असं म्हणता म्हणता माझा जीव त्या गोळ्यात अडकला होता.

अशात लोणावळ्याचं निसर्गप्रेमी मंडळ आलं.

हे मंडळ म्हणजे लोणावळ्यात बंगले बांधून राहिलेली पुण्या-मुंबईची निवृत्त मंडळी. त्यांचा अध्यक्ष पूर्वी आंबीकडच्या कुठल्याशा कारखान्यात मॅनेजर होता. डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण. ती दुर्बीण त्याने डोळ्याला लावलेली मी कधी पाहिली नाही. त्यांच्या एका मोहिमेच्या दोन दिवस आधी तो माझ्याकडे आला, कारण त्याच्या लोकांना पाणी आणि बाथरूम लागणार होतं.

"आजी, रविवारी आम्ही तुमच्या मागचं जंगल स्वच्छ करणार आहोत," तो म्हणाला. माझ्याहून चांगला पाच-सहा वर्षांनी मोठा असेल.

मला वाटलं बाटल्या उचलणार. शनिवार-रविवारी धबधब्यात भिजायला येणारे लोक सडकेच्या कडेला इतक्या बाटल्या टाकून जातात की गावानेही त्याच समजुतीने मान डोलावली होती. म्हटलं, चांगलं आहे.

"बाटल्या तर आहेतच," तो म्हणाला. "पण मुख्य म्हणजे हा पाला. केवढा साचलाय बघा. कुणी कधी झाडलेलंच नाही."

"रान झाडायचं?"

"सडतो ना तो. सडला की डास, डास आले की डेंग्यू. आमच्या प्लांटमध्ये फ्लोअरवर पान मांडून जेवता आलं असतं."

"जेवलात का कधी?"

तो हसला. विनोद समजल्यासारखं हसायची या लोकांना चांगली सवय असते. मी म्हटलं, हे देवाचं रान आहे, इथला पाला बाहेर नेत नाहीत. त्यावर त्याने मला समजावलं की देवालासुद्धा स्वच्छता आवडते. देवाशी त्याचं बोलणं झालेलं दिसत होतं.

घरट्याचं मात्र मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मोहीम झाली असती घरट्याचीच. चाळीस मोबाइल त्या जाळीत घुसले असते, कुणी फांदी वाकवून धरली असती, कुणी भोकातून टॉर्च आत मारला असता. मागे एका फार्महाउसवर घुबडाचं पिल्लू सापडलं होतं, तेव्हा याच मंडळाने त्याच्याबरोबर वाढदिवस साजरा केला होता.

रविवारी सकाळी, सगळं गाव लावणीला शेतात गेलेलं असताना, दोन मिनीबस भरून माणसं आली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टी-शर्ट. छातीवर नवरंगाचं हे एवढं चित्र आणि त्याखाली लिहिलेलं, 'आपला नवरंग, आपली जबाबदारी'. मी दारात उभी राहून ते दोनदा वाचलं. आधी अध्यक्षांनी भाषण केलं, मग फोटो झाले, मग पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. हे प्लांटमधून आलेलं असणार. मग हातमोजे चढले, खराटे निघाले, आणि माणसं रान झाडायला लागली.

खरंच झाडायला लागली. अंगण झाडावं तसं. एक बाई तर झाडून झालेल्या जागेवर वरून नवीन पान पडलं की झाडाकडे रागाने बघत होती. ओला पाला नव्याकोऱ्या गोणपाटाच्या पोत्यांत भरून पोती सडकेला नेऊन रचत होते. बाटल्या तशाच राहिल्या. काचेने हात कापतो, तेव्हा त्या पुढच्या मोहिमेसाठी ठेवल्याचं मला सांगण्यात आलं.

खराट्यांची ओळ माझ्या कुंपणाकडे सरकायला लागली. नवरंग आत बसलेला होता आणि त्याच्या घरट्याचं रूप असं, की या लोकांच्या हातात ते पडलं असतं तर पहिल्या झटक्यात पोत्यात गेलं असतं. मी प्लास्टिकची खुर्ची उचलली, कुंपणाचं फाटक उघडलं आणि जाळीसमोर खुर्ची टाकून बसले.

"आजी, जरा बाजूला होता का?" अध्यक्ष आला.

"या जाळीत घोणस आहे," मी म्हटलं. थोडक्यात.

तो दोन पावलं मागे सरला. "नक्की?"

"काल आत जाताना पाहिली. पोटुशी होती."

इतकी वर्षं दुसऱ्यांचं खोटं टाइप केलं होतं, स्वतःचं हे पहिलंच. चांगलं वठलं. खराटे जागच्या जागी थांबले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, तेवढ्यात त्या माणसाने दोन्ही हात वर केले.

"बघितलंत? हेच मी सांगत होतो! हा पालाच साप पोसतो. मित्रांनो, ती एक जाळी सोडा, बाकी एक पान दिसता कामा नये!"

झालं. तोवर निम्मे लोक कंटाळून सेल्फी काढत होते, ते सगळे सापाच्या नावाने पेटले. जिथे खराटा पोचत नव्हता तिथे हातांनी पाला ओढला. जाळीभोवती पाच-सहा हात सोडून सगळी जमीन खरवडून काढली. घोणस बाहेर आली तर ओरडून सांगायची कामगिरी माझ्यावर सोपवली आणि तिथे बसण्याच्या माझ्या धाडसाबद्दल टाळ्या वाजवल्या. माझा फोटोही काढला. त्या गोंधळात कधीतरी नवरंग घरट्यातून सुटला आणि जांभळावर जाऊन बसला. दुसराही तिथेच होता. दोघं काही वेळ चिडून ओरडले, मग गप्प झाले.

बारा वाजता मंडळ मिसळ खायला लोणावळ्याला गेलं. जाताना मला एक टी-शर्ट भेट दिला.

रान मी असं कधी बघितलं नव्हतं. लाल माती उघडी पडलेली, मुळं वर आलेली, वर बारीक पाऊस आणि खाली मातीचे ओघळ सुटलेले. देवाचा दगड एकटाच मधे बसलेला. मी घरात येऊन खिडकीशी उभी राहिले. एक नवरंग खाली उतरला. उघड्या जमिनीवर चार उड्या मारल्या, थांबला, इकडे तिकडे बघितलं. उलटायला पानच नव्हतं. एवढे रंग अंगावर घेऊन तो त्या मातीवर असा उघडा दिसत होता की माझीच नजर खाली गेली. तो परत झाडावर गेला. घरट्याकडे कुणी फिरकेना. पाऊस पडत होता आणि अंडी आत गार होत होती. ताट वाढून घेतलं होतं, ते तसंच राहिलं.

त्या वेळी सडकेवरून कुणीतरी माझ्या नावाने ओरडायला लागलं. वरच्या वाडीतली मावशी होती. डोंगरावरच्या वाडीत राहते, कधी भाजी विकते, कधी कुणाच्या शेतात रोजाने जाते. माझं तिच्याशी फारसं पटत नाही. ती वजनात काटा मारते आणि मी ते तोंडावर सांगते.

"बाई, ह्ये काय? देवाचा पाला सडकंला कुनी आनला?"

"लोणावळ्याचे लोक आले होते. रान झाडून गेले."

"रान?"

"हो, रान."

ती आधी हसली. कमरेवर हात ठेवून, दात दिसेपर्यंत हसली. "आन् झाडं पुसायची ऱ्हायली व्हय?" मग पोत्यांच्या ढिगाभोवती एक फेरी मारून आली. एक पोतं बोटांनी चाचपून पाहिलं, दुसरं पाहिलं.

"पोती नवी हायेत," ती म्हणाली.

"असतील."

"पाला देवाचा, त्यो रानात ग्येला पायजे. पोती काय देवाची न्हाईत."

एवढं बोलून ती वाडीच्या दिशेने गेली. मी तिला नवरंगाचं सांगायला मागे धावले. म्हटलं, मावशी, घरट्यात अंडी आहेत, लवकर करायला हवं.

"कुटलं? ती सकाळच्या पारी शीळ घालनारी पाखरं? मरू देत की. झोपू देत न्हाईत मेली." आणि जराशाने, "त्येंच्यासाटी न्हाई हां करीत. पोत्यांसाटी."

पण ती लवकर आली. बरोबर वाडीतल्या सात-आठ बायका. पावसात चिखलातून एकेक पोतं पाठीवर घेऊन त्या रानात शिरायच्या, ओतायच्या, रिकामं पोतं झटकून डोक्यावर ओढून घ्यायच्या की पुन्हा सडकेला. फक्कीच्या रेघेवर पहिलंच पोतं उपडं झालं. मीही ओढलं जमेल तेवढं. एका बाईने विचारलं की पाला नीट पसरायचा का, तेव्हा मावशीने तिला वेड्यात काढलं. "पसराया वारं हाय, पाखरं हायेत. तू कशाला मरतीस?" जाताना तिने माझ्या खांद्यावरचा टी-शर्टही मागितला. मी देऊन टाकला. त्यावरच्या चित्राकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही, कापड जाड आहे का तेवढं बघितलं.

बायका गेल्यावर मी खिडकीशी उभी राहिले. रानात जागोजाग पाल्याचे ढीग, पसरलेले काही नाहीत. उजेड उतरायला लागला होता. मला वाटलं, उशीर झाला. आणि खोटं कशाला बोलू, त्या मंडळाला मी मनातल्या मनात जे म्हटलं ते कोर्टात टाइप करता आलं नसतं.

मग सगळ्यात जवळच्या ढिगावर तो दिसला. नर की मादी, देव जाणे. एक पान उचललं, उलटं टाकलं. दुसरं उचललं. तिसऱ्याखाली गांडूळ मिळालं. त्याने ते गिळलं, शेपटाचा तो तुकडा दोनदा हलवला आणि सरळ जाळीत शिरला. आत गेला तो बाहेर आला नाही. एवढं सगळं झालं, चाळीस माणसं राबली, आठ बायका राबल्या, मी दिवसभर उपाशी राहिले, आणि याने माझ्या खिडकीकडे नजरसुद्धा टाकली नाही. मी थंड झालेला भात खाल्ला. खाताना रडू आलं, ते रागाचं होतं असं मी ठरवलं.

पुढे काही दिवसांनी त्या गोळ्याच्या भोकातून चोची दिसायला लागल्या. दोघंही दिवसभर पाला उलटायचे आणि तोंडात गांडुळांचा गुंता घेऊन जाळीकडे पळायचे. ढीग त्यांनीच विस्कटून पसरले. आता धोका एकच होता, कुणाला कळण्याचा. पिल्लं उडेपर्यंत मी मागच्या दाराशी पाहुणासुद्धा येऊ दिला नाही.

आणि नेमका त्या दिवसांत अध्यक्ष आला. बरोबर दोन पाहुणे, मोठाले कॅमेरे घेतलेले. स्वच्छ केलेलं जंगल दाखवायला आणले होते. त्याच्या अंगात तोच हिरवा टी-शर्ट होता. रानाच्या तोंडाशी येऊन तो उभाच राहिला.

"हे काय? पुन्हा पाला?"

"पडला," मी म्हटलं.

"एवढा? दोन आठवड्यांत?" त्याने पाहुण्यांकडे बघून मान हलवली. "आपल्या लोकांना ना, स्वच्छतेची सवयच नाही."

माझं लक्ष जाळीकडे होतं. आणि तेवढ्यात, त्याच्यापासून दहा हातांवर, पाल्यात कुठेतरी त्या मूर्खाने मान मागे टाकली आणि आपले दोन सूर लावले. स्पष्ट, मोठ्याने. पुन्हा एकदा. पाहुण्यांनी कॅमेरे सावरले. अध्यक्षाने टोपी मागे सरकवली आणि कान दिला. छातीवरचं नवरंगाचं चित्र त्याच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होतं.

"कोण शीळ घालतंय हो?" त्याने मला विचारलं.

"गुराखी आहे," मी म्हटलं.

"वा," तो म्हणाला, "काय गोड वाजवतो," आणि पाहुण्यांना घेऊन गाडीकडे गेला.